सळईला पाणी

मळ्यातल्या आमच्या घरामागे, मोरीच्या अंगाला, जमिनीत एक लोखंडी सळई ठोकलेली होती आणि रोज संध्याकाळी तिला पाणी घालणं हे घरच्या सुनेचं काम होतं. लग्न होऊन मी जसोंडीला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला घर दाखवलं. तुळस कुठे, सरपण कुठे, दुधाचं पातेलं कुठे, आणि ही सळई. "हिले रोज पानी टाकायचं. चप्पल घालून टाकायचं, प्लास्टिकच्या डब्यानं, लांबून. हात नाही लावायचा," एवढं सांगून त्या गोठ्याकडे वळल्या.

मी तिथेच उभी राहिले. चप्पल घालायची, लांबून टाकायचं, हात लावायचा नाही. म्हणजे या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं! मला राग यायला सुरुवात झाली ती त्या दिवशी, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावात सासऱ्यांचं घर आहे, तिथे मीटर आहे, सगळं रीतसर आहे. पण केळीला पाणी द्यायला आणि राखण करायला सोपं पडावं म्हणून आम्ही सगळे मळ्यात राहायचो, आणि मळ्यात वीज होती ती फक्त पंपाची. पंपाला तीन तारा येतात, तिन्ही जिवंत, आणि मोटर तेवढ्यावर चालते. घरातल्या दिव्याला मात्र वीज आणणारी एक तार लागते आणि परत नेणारी एक. ही परत नेणारी तार, म्हणजे न्यूट्रल, आमच्या मळ्यापर्यंत कधी आलीच नव्हती. मग काय करायचं, तर तिनातल्या एका तारेवर दिवा जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक सळईला बांधून जमिनीत सोडून द्यायचं. वीज मातीतून परत जाते. माती सुकली की दिवा मिणमिणतो, पंखा रेंगाळतो, म्हणून पाणी. आमच्याकडे याला 'अर्थिंगवर चालवणं' म्हणतात आणि असे मळे आजूबाजूला पुष्कळ होते. दिवा मंद झाला की आतून हाक यायची, "सळई सुकली वाटते वं!" आणि सुनेनं डबा घेऊन धावायचं.

मला यातलं काही कळत नसतं तर मीही मुकाट्यानं पाणी घातलं असतं. पण माझे बाबा महाराष्ट्रातून सीमा ओलांडून इकडे कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या इलेक्ट्रिकल खात्यात राहिले. क्वार्टरमधली इतर मुलं वडिलांकडून गोष्टी ऐकायची, मी अर्थिंग ऐकायचे. बाबांचं म्हणणं साधं होतं. अर्थिंगची तार म्हणजे घराचं मागचं दार, आग लागली तर पळायला ठेवलेलं. फ्रिजच्या पत्र्यात किंवा इस्त्रीच्या अंगात चुकून वीज उतरली, तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता त्या दारानं जमिनीत जावं आणि फ्यूज उडावा. एरवी त्या तारेत काही वाहता कामा नये. आणि इथे आमच्या मळ्यात मागच्या दारानं दिवसभर जत्रा चालली होती.

मी हे नवऱ्याला सांगितलं. एकदा नाही, वाटेल तितक्या वेळा सांगितलं. नवरा केळीची पिकअप चालवतो आणि गाडीतलं त्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे. समज खराही आहे, हीच तर पंचाईत. तो मला हाताला धरून गाडीपाशी घेऊन गेला आणि बॉनेट उघडून म्हणाला, "हे पाह्य. बॅटरीची एक तार दिव्याले जाते, दुसरी सीधी बॉडीले. पूरी गाडी अर्थ असते. हेडलाईट, हॉर्न, सेल्फ, सब बॉडीवर चालतं. मी दिवसभर या बॉडीले टेकून उभा राहतो. मले कधी करंट लागला का?"

"गाडीत बारा व्होल्ट असतात," मी म्हणाले. "बारा व्होल्ट कातड्याला कळतसुद्धा नाहीत. घरात दोनशे तीस आहेत."

"अगं, कम-जादा असंल. बात तर तीच आहे ना. गाडी बॉडीवर चालते, घर जमिनीवर चालतं. सिंपल है." आणि त्यानं बॉनेट आपटून बंद केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच माणूस गाडीचा अर्थ जरा ढिला झाला, हेडलाईट जरा पिवळा पडला, की हातातला घास टाकून पाना घेऊन बसतो. बॅटरीवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतो, पट्टी घासून चकचकीत करतो. गाडीसाठी एवढी माया! घराच्या सळईला मात्र बायको आहेच पाणी घालायला. मी त्या दिवसापासून डबा हातात धरला नाही. सासूबाई स्वतः पाणी घालू लागल्या आणि घालताना मला ऐकू जाईल असं "शिकलेली सून" म्हणू लागल्या. म्हणोत.

तेव्हा त्या सळईवर दोन दिवे आणि एक पंखा होता. पुढे मुलगी झाली आणि तिच्या दुधासाठी म्हणून नवऱ्यानं फ्रिज आणला. प्रेमानं आणला, ते मी नाकारत नाही. पण तोही त्याच सळईवर जोडला. फ्रिज सुरू व्हायचा तेव्हा घरातला दिवा खाली बसायचा आणि सळईजवळच्या ओल्या मातीत अनवाणी उभं राहिलं तर पायाला मुंग्या यायच्या. मोरीचं पाणी नेमकं तिथून वाहायचं. आणि माझी मुलगी रांगायला लागली होती. पाणी दिसलं की ती तिकडे निघायची, चिखल दिसला की तोंडात घालायची. सगळीच मुलं घालतात. मला दिवसरात्र दुसरं काही सुचेना. स्वयंपाक करताना माझा एक डोळा मागच्या दाराकडे असायचा आणि पोरगी जरा दिसेनाशी झाली की हातातलं टाकून मी धावत सुटायचे.

उन्हाळा कडक पडला, पाणी घालून घालूनही फ्रिज नीट चालेना, तेव्हा कुणीतरी नवऱ्याला सांगितलं की सळईच्या बुडाशी खडे मीठ टाक. त्यानं पसाभर मीठ टाकलं. फ्रिज चालायला लागला आणि घरात सगळे खूश झाले. मिठाला कोण येतं हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागू नये, पण त्या दिवशी ते एकालाही आठवलं नाही. सासूबाईंची शेळी आली. दुपारी दावं सोडवून गेली, मीठ चाटायला वाकली आणि तिथेच कोसळली. मी ओरडत बाहेर आले तोवर तिचे पाय ताठ झाले होते. नवऱ्यानं आधी फ्यूज काढला, मग शेळी ओढली. आधी फ्यूज काढला, हे मी विसरणार नाही. म्हणजे काय झालंय हे त्याला त्या क्षणी कळलं होतं.

आणि तरीही संध्याकाळी ओट्यावर बसून सगळे म्हणाले, साप चावला असेल. सासूबाई रडत रडत म्हणाल्या, "पान लागलं माह्या शेळीले." सासरे तंबाखू मळत राहिले. मी म्हणाले, "मामाजी, सापानं नाही, त्या सळईनं मारलं तिला. उद्या ही पोरगी जाईल तिथे." सासऱ्यांनी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. "केळीची कटाई होऊ दे," ते म्हणाले, "मग पाहू."

कटाई होईपर्यंतचा बंदोबस्त दुसऱ्या दिवशी झाला. सळईवर केळीचं प्लास्टिकचं कॅरेट पालथं घालून वर दगड ठेवला. मीठ होतं तसंच राहिलं. आणि माझ्या मुलीच्या पायाला सासूबाईंनी जुन्या लुगड्याची मऊ पट्टी बांधली, दुसरं टोक खाटेला. "लागनार नाही तिले, मऊ आहे," त्या म्हणाल्या. सळई मोकळी आणि पोरगी बांधलेली! मी ती पट्टी सोडून चुलीत घातली. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही.

मी बाबांना फोन केला. आई गेल्यापासून ते इथल्याच लालबागला, जसोंडीहून ऑटोच्या अंतरावर, एकटेच राहतात. मी सगळं सांगितलं, शेळीसकट. ते बराच वेळ नुसते "हं, हं" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "येतो मी." मला वाटलं, सुटले. मिलमध्ये एका फिटरनं अर्थिंगची तार अर्धवट सोडली म्हणून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते मी लहानपणी पाहिलं होतं. हा माणूस येऊन या सळईची काय गत करील, या विचारानं मला त्या दिवशी झोपसुद्धा नीट लागली.

ते आले. सासऱ्यांसाठी मावा जिलेबी घेऊन आले. सासऱ्यांनी त्यांना मळा दाखवायला नेलं आणि फिरून येताना दोघे घराच्या मागून आले. मी मोरीच्या दारात उभी होते, त्यामुळे मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबा कॅरेटपाशी थांबले. वाकले. सळईवरून वर जाणारी तार कुठे जाते ते त्यांनी भिंतीपर्यंत नजरेनं पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत लावला. आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "यंदा घड चांगले भरलेत हो तुमचे."

मग ते जेवले, पान खाल्लं आणि पिशवीतून नातीसाठी आणलेली भेट काढली. इवलीशी चप्पल होती, जाड रबरी तळव्याची.

त्यांना ऑटोपर्यंत सोडायला मी एकटी गेले, मुलीला कडेवर घेऊन. गावाच्या फाट्यापाशी मी थांबले. मग विचारलं, "बाबा, तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं."

"मग?"

"बाई, मी मुलीचा बाप आहे. त्यांच्या घरात जेवून त्यांचे दोष काढू? मी बोलून जाईन, पण नंतर ऐकून तुला घ्यावं लागेल."

"आणि हिचं काय?"

"चप्पल घालत जा तिला. तळवा चांगला आहे, मी वाकवून बघून घेतलाय."

"बाबा, ती रांगते!" मी इतक्या जोरात ओरडले की फाट्यावरची माणसं बघायला लागली. "ती हात टेकून चालते. हाताला काय घालू तिच्या?"

बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. ऑटो आली आणि ते बसून गेले.

त्यांच्या त्या गप्प बसण्याचा परिणाम मला लगेच दिसला. मी सळईबद्दल तोंड उघडलं की नवरा शांतपणे म्हणायचा, "तुझ्या बाबांनी पाह्यलं ना? मिलचे आदमी आहेत. काही म्हनले का?" आजवर मी एकटी खोटी ठरत होते, आता बाबांनी येऊन त्यावर शिक्का मारला होता. नवऱ्यावरचा राग बाबांवरच्या रागापुढे काहीच नव्हता. नवऱ्याला कळत नव्हतं. यांना कळत होतं.

मग मीच उठले. कटाईला सगळे शेताच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. मी पंपाच्या स्टार्टरच्या फळीवरचा फ्यूज काढून कमरेला खोचला, टेस्टरनं तार तपासली, कॅरेट लाथेनं उडवलं आणि सळई दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटली. ओली माती होती, आली. ती मी केळीच्या ओळींत जमेल तितकी लांब भिरकावली. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी दूध नासलं होतं, घरात अंधार होता आणि सगळे माझ्यावर तुटून पडले होते. "पागल झाली का तू?" नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं नवी सळई आणली, पहिलीपेक्षा जाड, आणि घणानं ठोकून पहिलीपेक्षा खोल घातली. मी घणाचे घाव ऐकत मुलीचे कपडे पिशवीत भरले. सासूबाई दारात आडव्या आल्या. "माहेरी कायले आली म्हनून लोकं पुसतील त काय सांगशील? सळईपायी?"

"हो," मी म्हणाले, "सळईपायीच सांगेन."

लालबागला बाबांच्या घरी पोचले तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी नातीला माझ्याकडून घेतलं आणि खाली सोडलं. ती रांगत रांगत गेली ती थेट फ्रिजपाशी, आणि दार धरून उभी राहिली. पहिल्यांदाच उभी राहिली. मी तिला उचलायला धावले, पण बाबा हसले. "घाबरू नको. इथलं अर्थिंग मी स्वतः केलंय. धरू दे तिला काय धरायचं ते. राहा तुम्ही दोघी महिना-दोन महिने."

माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, "हे घर तुमचं आहे बाबा. तिचं घर ते आहे. तिला तिथेच चालायचंय, तिथेच खेळायचंय. आयुष्यभर मिलच्या भिंतींना अर्थिंग करत बसलात. फिटरवर ओरडलात, साहेबांशी भांडलात. आणि ज्या एका ठिकाणी तुमची नात मातीत हात घालते, तिथे तुम्ही केळीचे घड बघून आलात! आई असती तर तिनं तुम्हाला पानावरून उठवलं असतं." हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही.

बाबा उठले. मुलगी फ्रिजचं दार धरून डुलत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. मग आत जाऊन सदरा घालून आले आणि म्हणाले, "चल."

जसोंडीला पोचलो तेव्हा सासरे ओट्यावर होते, नवरा पिकअप धूत होता. बाबा ओट्याच्या खालीच उभे राहिले, हात जोडले. "लहान तोंडी मोठा घास घेतोय, माफ करा," इथून त्यांनी सुरुवात केली आणि मला ते ऐकवेना. माझा बाप, ज्याला या विषयातलं सगळं येतं, तो हात जोडून उभा! पण पुढे ते बोलले. सळई म्हणजे काय, जमिनीत वीज सोडली की ती कशी पसरते, चार पायांच्या जनावराला ती आधी का धरते, फ्रिज आल्यावर धोका का वाढला, गाडीतले बारा व्होल्ट आणि घरातले दोनशे तीस यांत काय फरक. गावातल्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, चौथी, न्यूट्रलची तार आणा, म्हणाले, आणि घराचं अर्थिंग वेगळा खड्डा खणून करू, मी स्वतः करून देतो. सासरे लक्ष देऊन ऐकत होते. नवऱ्यानं नळ बंद केला आणि तोही ऐकायला आला.

बाबांचं झाल्यावर सासरे म्हणाले, "व्याही, तुम्ही मागे आले व्हते. तुम्ही पाह्यलं व्हतं. तवाच कायले नाही बोलले? आम्ही समजलो, तुमच्यासारख्या मानसानं पाहून काही म्हनलं नाही, म्हनजे ठीक असंल."

बाबांनी मान खाली घातली.

सासऱ्यांनी नवऱ्याकडे वळून सांगितलं, "फ्यूज काढ. उपड ते." आणि खिशातून मोबाईल काढून तिथेच लाईनमनला फोन लावला. नवरा पहार घेऊन मागे गेला. "हो गया," तो मागूनच ओरडला. ज्याच्यासाठी मी इतके दिवस ऊर फोडत होते ते फोन संपायच्या आत झालं. नवऱ्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं, कुणाचा अपमान झालेला दिसत नव्हता. बाबा ज्याला भीत होते त्यातलं काहीही घडलं नाही.

सासऱ्यांनी बाबांना हाताला धरून ओट्यावर, स्वतःच्या शेजारी बसवलं. फार मानानं बसवलं. म्हणाले, "बरं केलं तुम्ही आले. आम्हाले असं समजावून सांगनारं कोनी भेटलंच नाही आजपर्यंत."

मी दारात उभी होते, मुलीला कडेवर घेऊन, दोघांपासून चार हातांवर. तीच शेळी, तोच फ्रिज, तेच बारा व्होल्ट आणि दोनशे तीस, मी याच ओट्यापुढे उभी राहून याच माणसांना सांगितलं होतं, घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते एक वाक्य बोलू शकले असते, की तुमची सून हेच सांगत होती. ते बोलले नाहीत. सासूबाई आतून म्हणाल्या, "उभी काय राह्यली वं, व्याह्यांले चहा टाक." मी मुलीला खाली मातीत सोडलं आणि तिच्याजवळ बसून राहिले. चहा त्या दिवशी सासूबाईंनीच केला.